लांब नाकाचं पिल्लू

माणसं कुत्र्यांच्या रूपाच्या स्पर्धा नुकतीच भरवू लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. ज्याचं नाक जितकं चपटं, तितकं ते कुत्रं देखणं ठरे.

स्पर्धेच्या मंडपाबाहेर भुऱ्या नावाचा गावठी कुत्रा उभा होता. आत चांदणी नावाची कुत्री गादीवर बसून दूध पीत होती. तिला पाहून भुऱ्याला आपल्या जन्माची लाज वाटली. राखणदाराचा डोळा लागला तसा तो कनातीखालून आत शिरला.

"ताई, असं सुख मला कसं मिळेल?" त्याने विचारलं.

चांदणीला धाप लागली होती. "माझी तीन पिल्लं लांब नाकाची निघाली," ती थांबत थांबत म्हणाली. "मालकाने दोन विहिरीत टाकली. हे तिसरं मी गादीआड लपवलंय. याला घेऊन जा."

"आणि तुम्ही?"

"मला चार पावलंही पळवत नाही रे. या चपट्या नाकाने श्वास पुरत नाही."

भुऱ्याने पिल्लू तोंडात धरून उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि तो परत आला. तोवर चांदणीला पहिलं बक्षीस मिळालं होतं. मालक हार घालायला वाकला, तेव्हा ती जागीच कोसळली. ती नमस्कार करतेय असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती पुन्हा उठली नाही.

भुऱ्याने उकिरड्यावरच्या कुत्र्यांना सगळं सांगितलं.

मग एक म्हातारा कुत्रा उठून म्हणाला, "म्हणजे तिची जागा आता रिकामी आहे."

तो मंडपाकडे निघाला. त्याच्यामागून बाकीचेही निघाले.