धुण्याच्या दगडावरची आक्का

एका डोंगराळ राज्यात एक मोठा दवाखाना होता. खाटा भरलेल्या, ओसरीवरही आजारी, आणि शुश्रूषेला सेविका मोजक्याच. त्यात कारभाऱ्याचा कायदा असा की जी चुकेल तिने वर्षभर नदीवर जाऊन पट्ट्या धुवायच्या. मग काय, चुका व्हायच्याच, पण तोंड कुणी उघडत नसे.

तिथे थोरली सेविका म्हणून आक्का आली. बाई मोठी खमकी. पण सेविका तिच्याशीही कामापुरतंच बोलायच्या, आणि ते तिला फार लागायचं.

एकदा एक विणकर औषध घेऊन झोपला तो उठेचना. वैद्य म्हणाले, "पोटात काय गेलंय ते कळू दे. चुकीचा उतारा दिला तर माणूस हातचा जाईल."

सेविका माना खाली घालून उभ्या. तेवढ्यात कारभारी दारात हजर. "कोण ती? आधी नाव सांगा."

"नाव तुम्हाला कधीच मिळणार नाही," आक्का म्हणाली. "शिक्षा द्यायचीच तर मला द्या." तिने त्याच्या तोंडावर दार लावलं आणि आत वळली. "ऐकलंत ना? आता त्या माणसासाठी बोला."

सगळ्यांत धाकटी रडत पुढे आली. "आक्का, मीच दिलं. तापाच्या काढ्याऐवजी झोपेचा. दोन्ही बुधले एकसारखे, आणि मी पहाटेपासून उभीच आहे."

वैद्यांनी लगेच उतारा दिला. संध्याकाळी विणकराने डोळे उघडून पेज मागितली.

कारभारी मात्र हट्टाला पेटला. त्याने आक्कालाच नदीवर धाडलं. झोपेच्या बुधल्याला लाल दोरा बांधून आक्का गेली. धुऊन धुऊन हात सोलवटले, पण धाकटीचं नाव तिने ओठांवर येऊ दिलं नाही.

इकडे नव्या थोरलीपुढे सगळ्या गप्प. काही चुकलं की जी ती नदीकडे धावायची. "आक्का, आता काय करू?" आणि आक्का पट्टी पिळता पिळता उपाय सांगायची. कारभाऱ्याने एक दिवस हे डोळ्यांनी पाहिलं आणि तो पार ओशाळला.

"आक्का, परत चला. तुमच्यावाचून दवाखाना चालायचा नाही."

"येते. पण आधी तो कायदा मोडा. चुकलं ते लगेच सांगणारीला शिक्षा नाही, हे सगळ्यांसमोर बोला. नाहीतर मी इथेच बरी आहे."

कारभाऱ्याला बोलावंच लागलं. त्याचं बोलणं संपतंय तोच धाकटी म्हणाली, "आक्का, कोपऱ्यातल्या आजोबांची पट्टी बदलायची मी विसरले."

आक्काने पदर खोचला. "चल, दोघी मिळून बदलू."

तात्पर्य एवढंच: ज्याच्यापाशी आपली चूक सांगायला भीती वाटत नाही, माणसं त्यालाच आपला पुढारी मानतात.