गेनूचा फाटा आणि सारजाक्काचा झिरा

एका गावात पाटाचा एक फाटा होता, आणि तेवढा मोठा फाटा अख्ख्या पृथ्वीवर नव्हता. बरं, पृथ्वी म्हणजे आपली आठवडी बाजारापर्यंतची. आणि फाटा एवढा, की म्हैस आडवी बसली तर तुंबायचा.

धरणाचा पाट तिथं येई आणि त्याच्या दोन चाऱ्या होत. एक वरच्या रानाला, एक खालच्या. शिवाय टेकडीवरून सारजाक्काच्या रानातला झिरा तिथंच येऊन मिळे. करंगळीएवढी धार, पण बारमाही. पाटाचं पाणी पाळीनं सुटायचं. झिऱ्याला पाळी-बिळी ठाऊक नव्हती.

फाट्याची दारं गेनू पाटकरी उघडी-बंद करी. मिशीला पीळ असा देई, की जणू धरण याच्याच खिशात आहे. एकदा ऐन लोकांसमोर तो झिऱ्याच्या शेवाळावरून घसरला नि उताणा पडला. गाव पोट धरून हसलं. गावाला दुसरं काम काय?

गेनूनं राग झिऱ्यावर काढला. चिखल थापून त्यानं धार ओढ्याकडं वळवली. म्हणाला, "आपल्याकडं धरणाचं पाणी येतं. या टिपक्याला कोण विचारतो?"

उन्हाळा तापला. फाट्याच्या बांधाची काळी माती आजवर झिऱ्यामुळं ओली राहायची. ती वाळली, तडकली, कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडल्या. गेनू रोज त्याच बांधावर बसून तंबाखू मळायचा. पण डोळे तंबाखूवर!

मग पाळी सुटली. पाणी धडधडत आलं, भेगांत शिरलं आणि बांधाला भगदाड पडलं. पाणी निघालं ओढ्याला! खालच्या रानात कांदा पोसायला आला होता. ही पाळी हुकली, की तो जागीच वाळणार. माणसं फावडी घेऊन धावली.

भेगा पाहिल्या आणि गेनूला सगळं उमगलं. तरी तोंडातून निघालं, "खेकड्यांनी पोखरलं!" खेकडे बिचारे काय बोलणार?

"खेकडे कसले!" खालच्या रानातला तुळाजी ओरडला. "त्या म्हातारीच्या झिऱ्यानंच बांध मऊ केला. कायमचा बुजवून टाका तो!"

गेनूनं नुसती मान हलवली असती, तरी सुटला असता.

तेवढ्यात डोक्यावर कडब्याच्या पेंढ्या घेऊन सारजाक्काच आली. तिचं रान टेकडीवर. या पाटाचं थेंबभर पाणी तिला मिळत नव्हतं. "सरका रे शहाण्यांनो, भांडण वाळल्यावर करा," म्हणाली, कंबरभर पाण्यात उतरली आणि आपल्या गाईचा चारा भगदाडात कोंबू लागली.

गेनूची मान हलेना. "तुळाजी," तो म्हणाला, "झिऱ्यानं बांध फोडला नाही. झिराच आजवर बांध सांभाळत होता. तो मी बंद केला, म्हणून फुटला."

एवढं बोलून त्यानं म्हातारीशेजारी उडी मारली. मागून तुळाजीही उतरला, मान खाली घालून. कडबा, माती, दगड, हाती लागेल ते कोंबलं तेव्हा भगदाड बुजलं. अर्धं पाणी गेलं, पण अर्धं वाचलं, आणि अर्ध्यावर कांदा तगला.

मग गेनूनं सगळ्यांत आधी झिऱ्याची वाट मोकळी केली. धार फाट्यात आली तसे त्याचे डोळे भरले. चिखलानं माखलेले हात जोडून तो म्हणाला, "अक्का, तुझे उपकार कसे फेडू? उद्या तुझ्या झिऱ्यापुढं नारळ फोडतो."

"फोड की," सारजाक्का पदर पिळत म्हणाली, "पण खोबरं माझ्या घरी पाठव. झिऱ्याला कुठं दात आहेत?"

तात्पर्य: मोठं पाणी शेत भिजवतं हे सगळ्यांना दिसतं, पण ज्या बारीक धारेमुळं ते शेतापर्यंत पोचतं, तिचे उपकार बांध फुटायच्या आधी मानावेत.