पात्याचा कायदा

डोंगरांच्या कुशीत एक लहानसं राज्य होतं. त्या राज्याच्या प्रधानाचा कुणावरच विश्वास नसे. भाजीवालीनं कोथिंबिरीची जुडी दिली, तर तो ती सोडून आतली पानं बघायचा. कुणी गोड बोललं, की ‘ह्याला काय हवंय?’ असं मनात म्हणायचा. राजाला मात्र असाच माणूस हवा होता. ‘आमचा प्रधान कुणाकडून फसत नाही,’ असं तो आल्यागेल्याला कौतुकानं सांगे.

त्या राज्याचं खरं वैभव म्हणजे चंदनाचं बन. एका वर्षी बनात मोठी चोरी झाली. चार दिवसांत साठ झाडं आडवी झाली. चोर पकडले गेले, पण न्यायाधीशानं दोन महिन्यांची कैद देऊन त्यांना सोडून दिलं. पुढे कळलं, की चोरांचा म्होरक्या न्यायाधीशाचा साडू होता.

प्रधानाचं डोकं तापलं. न्यायाधीशाला त्यानं घरी बसवलं आणि स्वतःच्या हातानं नवा कायदा लिहिला. चंदनाच्या बनात जो कुणी पातं घेऊन सापडेल, त्याला सात वर्षं कैद. त्यात एक दिवसही कमी करायचा नाही. कोण होता, कशाला गेला होता, हे न्यायाधीशानं विचारायचं नाही. रिकाम्या हाती सापडला, तर ताकीद देऊन सोडायचं.

“आता न्यायाधीश विकला गेला तरी काही बिघडत नाही,” प्रधान राजाला म्हणाला. “विकण्यासारखं त्याच्याकडे काही उरलंच नाही.”

राजानं हसून शिक्का उठवला. दूरच्या गावाहून नवा न्यायाधीश आणला. लोक त्याला शास्त्रीजी म्हणू लागले.

ह्या गोष्टीला सात वर्षं होत आली. एके दिवशी शास्त्रीजी कागद घेऊन दरबारात आले आणि हात जोडून उभे राहिले.

“महाराज, भागी नावाची एक सुईण आहे. बाळंतिणीला दूध येत नव्हतं म्हणून शतावरीची मुळं आणायला बनात गेली. हातात विळा होता. मी काही विचारलं नाही, तिनं आपणहूनच सगळं कबूल केलंय. कायद्यानं तिला सात वर्षं द्यायला हवीत. आजवर मुकाट्यानं लिहीत आलो, पण आता माझ्याच्यानं हे लिहवत नाही. एक तर हा कायदा बदला, नाहीतर मला मोकळं करा.”

राजानं प्रधानाकडे बघितलं. प्रधानाचे डोळे बारीक झाले. ‘आधीचा साडूसाठी विरघळला,’ त्याच्या मनात आलं, ‘हा कुणासाठी विरघळतोय?’

“महाराज, मला आठ दिवस द्या,” तो म्हणाला. “शास्त्रीजींना एवढी दया कुठून आली, ते मी शोधून काढतो.”

पहिले दोन दिवस त्यानं शास्त्रीजींच्या घरावर माणूस बसवला. दूधवालीखेरीज तिकडे कुणी फिरकलं नाही. प्रधानानं दूधवालीलाही बोलावून विचारलं. भागीचं आणि शास्त्रीजींचं गाव एक नव्हतं, नातं नव्हतं, ओळखही नव्हती. ह्यानं प्रधानाचा संशय कमी झाला नाही, वाढलाच. इतका स्वच्छ माणूस असतो का कुठं?

तिसऱ्या दिवशी तो किल्ल्यावरच्या तुरुंगात गेला. पात्याच्या कायद्यानं आत टाकलेले एकेचाळीस कैदी अंगणात रांगेनं उभे होते. ‘ह्यांना पढवून ठेवलं असणार,’ असं धरूनच तो आला होता. म्हणून त्यानं कुणाला आपली कहाणी सांगू दिली नाही. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, “तुझ्या हातात काय होतं?”

“विळा.”

“खुरपं.”

“वस्तरा, सरकार. मी न्हावी आहे. पलीकडच्या गावाला हजामतीला चाललो होतो, बनातून वाट जवळ पडते.”

रांगेच्या टोकाला कोंडाजी नावाचा म्हातारा होता. कायदा झाला त्याच महिन्यात तो पकडला गेला होता. तो म्हणाला, “अडकित्ता, सरकार.”

“काय?”

“सुपारी कातरायचा. कनवटीला होता. माझा बैल बनात शिरला, त्याच्यामागं मी गेलो. नाक्यावरचे साहेब म्हणाले, अडकित्त्यालाही पातं असतंच की.”

प्रधानाला हसू आलं नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलेलं दिसतंय, असं त्याला वाटलं. तो तडक जप्तीच्या सामानाच्या खोलीकडे गेला. पहारेकऱ्याला बाहेर ठेवून त्यानं स्वतः कुलूप काढलं आणि चिठ्ठ्या बांधलेली एकेक वस्तू उचलून बघितली. विळे होते, खुरपी होती, वस्तरा होता. कोंडाजीच्या नावाचा अडकित्ताही होता. कैदी खरं बोलले होते.

पण कुऱ्हाड एकही नव्हती. करवतही नव्हती. त्यानं सगळं सामान पुन्हा एकदा उलटंपालटं केलं. मग पहारेकऱ्याला विचारलं, “दुसरी खोली कुठं आहे?”

“दुसरी खोली नाही, प्रधानजी. सात वर्षांत आलं ते एवढंच.”

प्रधान उंबऱ्यावर उभा राहिला. विळ्यानं चंदन तुटत नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता तो बनात गेला. सुरुवातीची झाडं दाट होती. पण वाटेपासून शंभर पावलं आत गेल्यावर नुसते बुंधे दिसू लागले. करवतीनं सपाट कापलेले, ताटासारखे. काही जुने, काळे पडलेले. काहींवर भुसा अजून ताजा होता. दोनशेपर्यंत मोजून त्यानं मोजणं सोडून दिलं. सात वर्षांच्या कैदेला न भिता कुणीतरी इथं रोजच्या कामासारखं येत होतं.

त्याचा संशय आयुष्यभर माणसांच्या मागं लागला होता. आज पहिल्यांदाच त्याला वाटलं, की आपण चुकीच्या दारात बसून राहिलो.

बनाच्या तोंडाशी नाका होता. नाक्याभोवती काटेरी कुंपण होतं आणि कुंपणामागं नाकेदाराचं दुमजली घर. सात वर्षांपूर्वी तिथं कुडाची झोपडी होती, हे प्रधानाला आठवलं. नाकेदारानं लगबगीनं ताक आणलं. प्रधानानं ते बाजूला ठेवलं आणि वही मागितली.

बनात सापडलेल्या माणसांची नावं वहीत होती. एकेचाळीस कैद्यांच्या आणि भागीच्या नावापुढे ‘पातं होतं’ असं लिहिलेलं. बाकीच्या शेकडो नावांपुढे ‘रिकाम्या हाती’. त्यातलं एक नाव पुन्हा पुन्हा येत होतं.

“हा माणूस चौदा वेळा बनात सापडला?” प्रधानानं विचारलं. “आणि चौदाही वेळा रिकाम्या हाती? काय करायला येतो तो?”

“फिरायला येत असेल,” नाकेदार म्हणाला. “बनातली हवा चांगली असते, प्रधानजी.”

“पातं होतं की नव्हतं, हे कोण ठरवतं?”

“मीच लिहितो.”

“आणि शास्त्रीजी काही विचारत नाहीत?”

“त्यांनी विचारायचं नाही, असं कायद्यातच आहे ना!” नाकेदार अगदी मनापासून म्हणाला. “फार चांगला कायदा केलात, प्रधानजी. इथं कुणी कटकट करत नाही.”

प्रधानानं वही काखेत मारली आणि तो निघाला.

वाटेत त्याला एक सोपा मार्ग सुचला. वहीतलं अजून कुणाला ठाऊक नव्हतं. नाकेदाराला गुपचूप काढायचं, दुसरा नेमायचा. कायदाही राहील आणि प्रधान कधी फसत नाही हे नावही राहील. चार पावलं तो ह्या विचारावर खूश होऊन चालला. मग त्याच्याच संशयी मनानं त्याला अडवलं. नव्या नाकेदारावर कोण लक्ष ठेवणार? आणि त्याच्या नंतरच्यावर? चार लोकांसमोर बसणाऱ्या न्यायाधीशावर आपला विश्वास नव्हता, म्हणून आपण त्याच्या हातातला न्याय काढून घेतला. पण तो नाहीसा झाला नाही. कुंपणाआड बसणाऱ्या माणसाच्या हातात गेला. तिथं बघायलाही कुणी नव्हतं.

सगळ्या जगावर संशय घेतला, आपल्या कायद्यावर मात्र एकदाही घेतला नाही, ह्याची त्याला लाज वाटली.

आठव्या दिवशी दरबार भरला. राजानं विचारलं, “काय प्रधानजी, शास्त्रीजींची दया कुठून आली, सापडलं का?”

“नाही, महाराज. ती शोधताना चोर सापडला.” प्रधानानं वही पुढे ठेवली. “नाकेदार सात वर्षं चोरांना सोडतो आहे आणि सुइणी-न्हाव्यांना आत टाकतो आहे. त्याला हे दार मी उघडून दिलं.”

वही चाळता चाळता राजाचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, “प्रधानजी, हे बाहेर गेलं तर लोक म्हणतील, आमचा प्रधान फसला.”

“म्हणू देत, महाराज. खरंच आहे ते.”

“मग आता काय, शास्त्रीजींवर विश्वास ठेवायचा?”

“मुळीच नाही,” प्रधान म्हणाला. दरबार हसला, पण तो हसला नाही. “टोळीसाठी सात वर्षांपर्यंतची कैद राहू द्या. पण कमीत कमी एवढी द्यायचीच, ही अट काढा. शिक्षा किती ते शास्त्रीजींना ठरवू द्या. मात्र ती सगळ्यांसमोर सुनावायची, कारण मोठ्यानं सांगायचं आणि लिहून चावडीवर लावायचं. ज्याला पटणार नाही, त्यानं आपल्याकडे दाद मागावी. मी स्वतः रोज जाऊन वाचणार आहे.”

“जरूर वाचा,” शास्त्रीजी म्हणाले. “कुणी वाचणार असेल, तर माझंही लिहिताना नीट लक्ष राहील.”

राजानं बराच वेळ विचार केला आणि जुना कायदा रद्द केला.

नाकेदार आणि तो चौदा वेळा फिरायला येणारा माणूस तुरुंगात गेले. भागीनं परवानगी न घेता बनात पाऊल टाकलं होतं, म्हणून तिनं पंधरा दिवस चंदनाच्या रोपांना पाणी घालावं, असा निकाल झाला. प्रधानानं चावडीवरचं कारण दोनदा वाचलं. खोट काढण्यासारखं काही सापडलं नाही, तेव्हा कुठे तो घरी गेला.

मग एकेचाळीस कैद्यांचे खटले पुन्हा चालले. त्यात काही आठवडे गेले. चोरांना साथ दिल्याचं सिद्ध झालं त्या पाच जणांना ठेवलं, बाकीचे सुटले. कोंडाजीचा कागद घेऊन प्रधान स्वतः किल्ल्यावर गेला.

“कोंडाजी, सुटलास तू.”

म्हाताऱ्यानं बोटांवर मोजलं. “नऊच दिवस राहिले होते, सरकार,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

“बैल सापडला का रे तुझा?”

“तो कुठला सापडतोय? बायको होती वाट बघत, तीही तिसऱ्या वर्षी गेली.”

प्रधानानं म्हाताऱ्याचं गाठोडं आपल्या खांद्यावर घेतलं आणि दोघं पायऱ्या उतरू लागले. कोंडाजी सारखा त्याच्या तोंडाकडे बघत होता.

“सरकार, खरंच सोडताय ना?”

“खरंच.”

थोडं उतरल्यावर त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा प्रधानानं हो म्हटलं. दरवाजाशी आल्यावर मात्र म्हातारा थांबला. पहारेकऱ्यांकडे बघितलं, बाहेरच्या उन्हाकडे बघितलं, पण पाय उचलेना.

“आधी तुम्ही व्हा बाहेर,” तो म्हणाला. “मग मी येतो.”

प्रधान बाहेर गेला आणि त्याच्यासाठी उन्हात उभा राहिला.

तात्पर्य एवढंच घ्यावं: न्याय करणाऱ्याचे हात बांधले म्हणजे अन्याय थांबतो असं नाही, तो फक्त दिसेनासा होतो. संशय असेल तर न्याय उजेडात करायला लावावा, आणि आपण केलेल्या कायद्यावरही तोच संशय घ्यावा.