दर्यावरच्या माणसाचं ताट

एक होतं बंदर. आपल्याकडचं नव्हे, पार जपानातलं, फार फार जुनं. तुमचे आजोबा बोटीवर भटारी होते ना, खलाशांचं जेवण रांधायचे, त्यांनी मला सांगितलेली ही गोष्ट. गावाचं नावही सांगितलं होतं, पण मेली माझी जीभच वळत नाही. तेव्हा नाव विचारू नका. आणि मन्या, पांघरूण एकट्याच्या अंगावर ओढू नकोस, गोदीलाही दे.

तर त्या गावातली घरं लाकडाची, एकाला एक चिकटलेली. वारा असा की छपरं उडू नयेत म्हणून वर धोंडे ठेवलेले. पुरुष सगळे शिडाच्या गलबतांवर. थंडी सरली की जायचे, पुढच्या थंडीच्या तोंडावर परतायचे. मागे राहिलेल्या बायकांची एक रीत होती, बरं का. जो दर्यावर गेलाय त्याचं ताट रोज दुपारी घरात मांडायचं. भात, खारा मासा आणि झाकणाच्या वाटीत गरम कढण. म्हणजे तो तिकडे उपाशी राहत नाही. मग थोड्या वेळाने झाकण उचलून बघायचं. आतून थेंब धरलेले दिसले, की माणूस जिवंत. झाकण कोरडं निघालं, तर संपलंच म्हणायचं.

आणखी एक. ताटात जेवायच्या दोन काड्या ठेवतात. जिवंत माणसाच्या आडव्या ठेवायच्या. मेलेल्याच्या भातात उभ्या खोचायच्या. आपण नाही का पितरांचं पान निराळं वाढत, तसंच. एकदा काड्या उभ्या झाल्या, की ते ताट मेलेल्याचं. मग ते जिवंताला पोचत नाही.

तिथे किनू नावाची बाई होती. तिचा नवरा तात्सुझो गलबतावर सुतार. घरात ती आणि तिची आंधळी सासू. त्या वर्षी काय झालं, थंडी आली, बर्फ पडला, पण गलबत काही आलं नाही. नुसतं तुटलेलं सुकाणू वाहत किनाऱ्याला लागलं. गलबतावर अकरा माणसं होती. दहा घरांतली झाकणं कोरडी निघाली. रडारड झाली. बायकांनी ताटं मांडायची बंद केली. पण काड्या उभ्या करायला कुणाचा हात धजेना. आपल्या हातांनी आपलं माणूस मेलं म्हणायचं, सोपं आहे का ते? तर त्या दहाजणांना ना जिवंताचं ताट, ना मेलेल्याचं.

किनूचं झाकण मात्र रोज ओलं. ती रोज दुपारी ताट मांडायची.

मग एक दिवस धुकं दाटलं. भरदुपारी समोरचं दिसेना. किनूने ताट मांडलं, सासूला हात धरून आणायला आत गेली, परत येऊन बघते तर वाटी रिकामी. झाकणाला थेंब होते, पण कमी. तिला वाटलं, मांजर असेल.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच धुकं. भात गेला, मासा गेला, कढण गेलं. आणि चटईवर ओली पावलं. एकदोन नव्हे, दहा माणसांची. सगळी आत येणारी, बाहेर जाणारं एकही नाही. किनूने झाकण बघितलं. तीनच थेंब. नवऱ्याचं अन्न कुणीतरी खात होतं, आणि तो तिकडे मरायला टेकला होता.

गोदे, घाबरलीस? ये, जवळ सरक. ऐकायचं तर पुरतं ऐकावं.

तिसऱ्या दिवशी किनू ताटाशीच ठाण मांडून बसली. धुकं दारातून आत आलं. आणि धुक्यातून तात्सुझो आला. तोच चेहरा, तोच आवाज. अंगातून पाणी निथळतंय. म्हणाला, "किनू, मी दमलो गं. मी मेलोय. माझ्या काड्या उभ्या कर."

किनूचा हात काड्यांवर गेला. पण तिने आधी झाकण उचललं. एक थेंब होता. एकच, पण होता.

"तू तो नव्हेस," ती म्हणाली. काड्या तिने घट्ट दाबून धरल्या. "खरं सांग, कुठल्या घरचा तू?"

तसा तो चेहरा मेणासारखा वितळला. आतून निघाला गोन्झो, शेजारच्या तामीचा नवरा. लहान मुलासारखा रडायला लागला. "माझ्या घरी माझं पानच मांडत नाहीत गं. भूक लागते."

किनू उठली ती थेट तामीकडे गेली आणि म्हणाली, "गोन्झोचं ताट मांड, काड्या उभ्या कर." तामी तिच्या अंगावरच धावून आली. "तुझा जिवंत आहे म्हणून माझा मारायला आलीस?"

"तो उपाशी आहे गं, तामी," किनू म्हणाली.

तामी खाली बसली. खूप वेळाने उठली, भात रांधला आणि रडत रडत काड्या उभ्या केल्या. तिचं बघून बाकीच्या नऊ घरांनीही केल्या. दुसऱ्या दिवशी धुकं नव्हतं. किनूच्या घरी कुणी आलं नाही, आणि झाकण थेंबांनी भरून गेलं.

बर्फ वितळल्यावर तात्सुझो परत आला. हाडांचा सापळा, पण जिवंत! कुठल्याशा खडकाळ बेटावर शिंपले खाऊन राहिला होता. सगळं गाव किनाऱ्यावर लोटलं. सासू तर त्याचा चेहरा चाचपतच सुटली. तामी एका बाजूला उभी होती. तात्सुझो तिच्यापुढे गेला आणि वाळूत डोकं टेकवलं.

"फळी एकच होती, वहिनी. गोन्झोच्या हातात होती. 'तुझी आई आंधळी आहे, तू जा,' असं मला म्हणाला, आणि फळी मला दिली."

किनूने ते ऐकलं. गोन्झो दारात कसा आला होता, काय मागत होता, हे तिने नवऱ्याला कधीच सांगितलं नाही. तामीलाही नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी किनूने नवऱ्याला जेवायला वाढलं, आणि शेजारी आणखी एक ताट मांडलं. मासा त्यातला मोठा. काड्या उभ्या. मग रोजच मांडत गेली.

पुढे सगळे नीट राहिले. जिवंत जेवले, मेलेले जेवले, कुणी उपाशी नाही राहिलं. चला, आता तुम्हीही मिटा डोळे. दार वाजतंय तो वारा आहे रे. झोपा.