आवडूचं खडप

थांबा पाव्हण्यांनो, एवढ्यात खडपावर पाय टाकू नका. ओहोटीला उघडा पडणारा हा काळा कातळ आमच्या गाबितांच्या बायकांचा आहे. इथला जीव उचलायचा तर आधी त्याचं नाव सांगावं लागतं. नाव येत नसेल तर तो जिथं आहे तिथंच राहतो, मग उचलणारा कितीही मोठा असो.

असे सांगतात, की पूर्वी इथल्या खोताला माडी बांधायची होती. चुन्यासाठी शिंपले हवेत म्हणून त्याने अख्खं खडप खरवडायचा हुकूम सोडला. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या, की गावाच्या चुली या खडपाच्याच जिवावर पेटायच्या. शिंपल्यांबरोबर त्यांतली कालवं गेली असती तर चार महिने पोरांना वाढायचं काय? पण खोतापुढे बोलणार कोण? पुरुषांनी माना खाली घातल्या. हे सांगायची मला अजून लाज वाटते.

आमच्या गावची आवडू तांडेलीण मात्र खडपावर जाऊन उभी राहिली. पहारी घेऊन आलेल्या गड्यांना तिने अडवलं आणि खोताला म्हणाली, "खोतानु, खडप म्हणजे तुमचा घर म्हणतास ना? मग घरातली माणसां वळखून दाखवा."

खोताने ऐटीत वाकून एक सुबक शंख उचलला आणि हा शंख, म्हणून सगळ्यांना दाखवला. तेवढ्यात शंखाला पाय फुटले आणि आत बिऱ्हाड केलेल्या कुर्लीने नांगीत त्याचं बोट धरलं. गडीसुद्धा हसले. खोताचा पारा चढला. तूच सांग मग, तो म्हणाला. जिथं थांबशील तिथून पुढचं सगळं माझं.

आवडू सांगू लागली. कालवं, खुबे, शिनाणे, एकेकाचं नाव आणि एकेकाची खोड. भरती लागली. पाणी कमरेला आलं, खालचं दिसेना, तेव्हा ती पायाने चाचपून नावं घेऊ लागली. पाणी गळ्याशी पोचलं तसा खोतच घाबरला आणि पुरे म्हणाला.

"पुरे कशाक? अजून अर्धी उरलीहत."

ती बुडाली म्हणे. मला ते पटत नाही, पण ती परत आली असं सांगणारंही कोणी नाही.

ती थांबली, आता खडप माझं, असं म्हणत पुढच्या ओहोटीला खोत आला. पाहतो तर गावातल्या झाडून साऱ्या बाया तिथं उभ्या. आवडूने जिथं सोडलं होतं तिथून पुढचं नाव एकीने घेतलं, मग दुसरीने. रोज, प्रत्येक ओहोटीला. शेवटी खोताच्या माडीला मातीचाच गिलावा बसला.

आजही आमच्या बाया कालवं काढायला बसल्या, की आधी नावं घेतात. गेल्या वर्षी एक हॉटेलवाला नकाशा घेऊन आला होता. जागा आपलीच झाली, असं सांगत होता. माझ्या सुनेने त्याच्या बुटाजवळच्या एका इवल्या जिवावर बोट ठेवलं.

"ह्येचा नाव काय?"

त्याने नकाशा उलटसुलट करून पाहिला.

"मग पाय उचला."

आणि त्याने उचलला.