कोठाराची घंटा

फार फार जुनी गोष्ट, इतकी जुनी की तेव्हाच्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. त्याच्या राज्यात डोंगराच्या कुशीत काही गावं होती, आणि त्या गावांत मिळून एक धान्याचं कोठार होतं. सुगीत प्रत्येक घरानं खळ्यावरचं पहिलं सूप तिथं ओतायचं, आणि ज्याची चूल थंडावेल त्यानं तिथून न्यायचं, अशी रीत.

कोठारी माणूस भला, पण हौस दांडगी! त्यानं कोठाराच्या दाराशी भलीमोठी काशाची घंटा टांगली. "ज्याला भूक लागेल त्यानं वाजवावी. मी माप घेऊन उभाच!" घंटेचा नाद साऱ्या गावांत ऐकू जाई, आणि कोठाऱ्याला त्याचं कोण कौतुक!

एका वर्षी पाऊस रुसला. शेतं करपली. कोठारी मापं घासूनपुसून बसला, पण घंटा काही वाजेना.

"लोकांचं भागतंय म्हणायचं," बायको म्हणाली. "जेवा आता."

"भागतंय कशानं? मातीनं?" तो ताटावरून उठला. त्याला घास गोड लागेना, पाठ जमिनीला टेकेना. कोठारात जाई, कणग्या चाचपून बघे, पुन्हा बाहेर येई. भरल्या कोठाराची त्याला भीती वाटू लागली.

एका पहाटे न राहवून तो गावातून फिरू लागला. घराघरांतून जात्याची घरघर येत होती. तेवढंच बरं वाटलं बिचाऱ्याला. पण वेशीजवळच्या एका घराशी त्याचे पाय अडले. तिथलं जातं कर्कश वाजत होतं, दगडावर दगड. जात्यात दाणा असला की असा आवाज येत नाही, हे तुम्हीआम्हीही सांगू.

त्यानं दार ढकललं. एक म्हातारी रिकामं जातं ओढत होती. कोपऱ्यात तिची बाळंतीण सून निपचित पडली होती. तिच्या कुशीतलं तान्हं नुसतं ओठ हलवत होतं. रडायचंही त्राण नव्हतं त्याला.

"आजी, हे गं काय?"

"शेजारी ऐकतात ना बाबा. घरात दळण आहे असं वाटावं त्यांना."

"अगं, मग घंटा नाही का वाजवायची?"

म्हातारीचा हात थांबला. "दरसाल तिथं सूप ओतलंय मी. आता साऱ्या मुलखात डांगोरा पिटून पदर पसरू? तू वाजवली असतीस?"

कोठाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो धावत गेला, धान्य घेऊन आला, पेज शिजेपर्यंत चुलीशी बसून राहिला. दुपारी बाळानं टाहो फोडला. ते ऐकून कोठारीही रडला.

पण जीव थाऱ्यावर येईना. आणखी कितीजण असे? तो दारोदार फिरला. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा एकटाच राहायचा. त्याच्याकडचं जातं वाजतच नव्हतं. तिथं पोचायला कोठाऱ्याला उशीर झाला होता.

म्हाताऱ्याला अग्नी देऊन तो परतला आणि सगळ्यांदेखत त्यानं घंटा उतरवली. तिचा लोळा उपटून फेकला.

"अहो, मग भुकेल्यानं हाक मारायची कशी?" लोकांनी विचारलं.

"मारूच नये त्यानं हाक!" कोठारी कडाडला. "माझी गाडी येईल. गरीब असो की सावकार, प्रत्येकानं उंबऱ्यावर झाकलेली टोपली ठेवायची. ज्याच्याकडे चार दाणे जास्त, त्यानं भरून ठेवावी. ज्याच्याकडे नाहीत, त्यानं रिकामी ठेवावी. झाकण मीच उघडणार."

तेव्हापासून गाडी दारोदार फिरू लागली. टोपली भरली की रिती झाली, बघणाऱ्याला काही कळेना. आणि माप कसलं होतं ठाऊक आहे? तीच घंटा, उलटी धरलेली!

पुढच्या सुगीत म्हातारीची टोपली कोठाऱ्याला दोन्ही हातांनी उचलावी लागली. तरी त्याला निवांत झोप काही लागली नाही. रोज पहाटे तो गावोगाव जात्यांचे आवाज ऐकत फिरे, आणि एका बंद दारापाशी घटकाभर थांबे.

तात्पर्य: भुकेल्याच्या हाकेची वाट पाहू नये, अन्नानंच त्याच्या दारी जावं.