पाटावरची मधली जागा

घरोघरी हातपंप होते तेव्हाची गोष्ट. खंडेनवमीला इंदुताई आपली हत्यारं पाटावर मांडून पुजायच्या. नवा चकचकीत पाना म्हणाला, "मधली जागा माझी! या काळ्या म्हाताऱ्या पान्याला कोपऱ्यात बसवा."

पण पूजेआधीच पंप अडला आणि घरात पाण्याचा थेंब नव्हता. इंदुताईंनी नवा पाना गंजक्या नटाला लावून जोर दिला, तसा पान्याचा जबडाच फाकला. काळ्यानं मात्र एका हिसक्यात नट फिरवला.

"पण मी किती चकाकत होतो!" नवा कुरकुरला.

नट म्हणाला, "बाबा रे, मला डोळे नाहीत. मला फक्त पकड कळते."

इंदुताईंनी काळ्याला पुसून पाटाच्या मधोमध ठेवलं. तो ताठ होऊन म्हणाला, "कुंकू जरा ठळक लावा, ताई. तीस वर्षांत एकदाही घसरलो नाही मी."